देशी झाडांची नर्सरी: तीन उन्हाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम तीन वर्षं थांबून लिहितेय. नर्सरीतून रोप आणतो त्या दिवशी ते हिरवंगारच असतं, नुकतंच पाणी मारलेलं, पानं धुतल्यासारखी, त्या दिवशी पाच स्टार द्यायला काहीच लागत नाही. पण ते झाड खरंच कसं दिलं होतं हे कळतं वैशाखात, आणि पहिल्या नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वैशाखात. जून २०२२ मध्ये मी इथून ४६ रोपं नेली होती, हे लिहितेय तेव्हा जून २०२५ आहे, यंदा मे महिन्यातच पाऊस आल्यामुळं उन्हाळा लवकर संपला, परवा जाऊन सगळी झाडं मोजून आले. ३५ जिवंत आहेत. मधे २०२३ चा ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता आणि आमचा पुरंदर तालुका त्या वर्षी दुष्काळी जाहीर झाला होता, हे धरलं तर माझ्या मते हा आकडा फार चांगला आहे.

आधी जागा सांगते, कारण जागा न सांगता झाडांबद्दल बोलण्यात अर्थ नाही (हे मी इथंच शिकले). सासवडच्या पुढं आमची २२ गुंठे जमीन आहे, वर माळ आणि खाली ओढ्याकडं उतार. वर वीतभर माती, त्याखाली नुसता मुरूम, ओढ्याच्या कडेला मात्र बऱ्यापैकी काळी. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, कधी तेवढाही नाही, म्हणजे ताम्हिणीला काही हजार मिलिमीटर ओतून ढग आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलंच नसतं. बोअरला पाणी मार्चपर्यंत, पुढं टँकर.

याच्या आधी एकदा हायवेवरच्या एका नर्सरीतून रोपं घेतली होती, नाव लिहीत नाही. तिथं "सीता अशोक" म्हणून जे दिलं ते नेहमीचं सोसायटीच्या भिंतीलगत उभं असतं ते उंच सरळ झाड निघालं, तो अशोकच नव्हे. ओळखायचं सोपं आहे खरं तर, त्या उंच झाडाचं पान सुटं असतं, लांब, कडा लाटांसारख्या, आणि सीता अशोकाचं पान संयुक्त, एका दांड्यावर पानांच्या जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबकळणारी. पण मला तेव्हा माहीत नव्हतं. "आपटा" म्हणून दिलेला दोन वर्षांनी गुलाबी फुलला, तेव्हा कळलं की तो कांचन. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि फुलं बारीक पांढरट पिवळी, कांचनाचं पान मोठं आणि फुलं ठसठशीत. दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून बऱ्याचदा कांचनच ओरबाडून येतो, तर रोपांच्या बाबतीत वेगळं काय होणार. पण दोन वर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड वेगळंच निघतं तेव्हा फार वाईट वाटतं, पैशाचं नाही, त्या दोन वर्षांचं.

तर या नर्सरीत पहिल्यांदा गेले ते यादी घेऊन. सीता अशोक, ताम्हण, हिरडा, नागकेशर, सुरंगी. सगळी नावं आवडीची, ताम्हण तर आपलं राज्यफूल म्हणून सहा हवी होती. शेडमध्ये नर्सरी चालवणारे दादा होते, यादी हातात घेतली, वाचली आणि घडी करून परत दिली. म्हणाले, "ताई, रोपं नंतर बघू. आधी जमीन सांगा. कुठंय, उतार कसाय, मुरूम किती खोल, उन्हाळ्यात पाणी कुठनं घालणार, शेरडं येतात का?"

सगळं सांगितल्यावर म्हणाले, यातलं एकही तुमच्या माळावर लावू नका. सीता अशोकाला सावली आणि कायम ओल लागते, उघड्या माळावर त्याची पालवी करपून जाते. हिरडा भीमाशंकर-जुन्नरकडच्या पावसाचा. सुरंगी, नागकेशर कोकणातली आणि घाटातल्या दमट जंगलातली. ताम्हण ओढ्याकाठचं झाड, तुमचा ओढा तर दिवाळीलाच आटतो. मी म्हटलं, निदान ताम्हण तरी द्या हो. थोडा विचार करून विचारलं, घराचं सांडपाणी कुठं जातं? म्हटलं, न्हाणीमागं खड्डा आहे, तिथं मुरतं. "मग त्या खड्ड्यापासून चार हातांवर एक लावा. एकच." सहाचे पैसे मी द्यायला तयार होते आणि त्यांनी एक दिलं, त्यावरच माझं मत बनलं होतं. ते ताम्हण आज माझ्या खांद्याला लागलंय, फूल अजून नाही, पण पानगळीनंतर दर वर्षी नवी पालवी जोमात फुटते.

माळासाठी त्यांनी जी दिली ती झाडं माझ्या यादीत नव्हतीच. खैर, हिवर, पळस, शिरीष, आपटा (खरा), बहावा, काटेसावर, कडुनिंब, ओढ्याच्या बाजूला करंज, दोन चंदन आणि तीन अंजन, त्या अंजनाबद्दल पुढं बोलते. हिवर आणि खैर बघून आमचे अण्णा म्हणाले, काटेरी झाडं पैसे देऊन आणलीस? पण पहिल्या उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना हिवरच तेवढा हिरवा होता आणि मग अण्णाच त्याला आळं करायला लागले.

नर्सरीचं काम कसं चालतं ते बघायला मी तासभर थांबले होते आणि तो तास फार छान गेला. एक मावशी बहाव्याच्या बिया एकेक करून दगडावर घासत बसल्या होत्या. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की नुसती पेरली तर कित्येक महिने तशीच पडून राहते, एका बाजूनं जरा घासून पाण्यात टाकली की फुगते आणि मग उगवते. गरम पाण्यात टाकूनही करतात, पण मावशी म्हणाल्या, घासलेली बी फसवत नाही. जांभळाचं उलटं आहे. ती बी वाळली की गेलीच, फळ खाल्लं की लगेच मातीत, आणि एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं निघतात. कडुनिंबाची निंबोळीही ताजीच लागते, काही आठवड्यांनी तिच्यातला जीव जातो. म्हणून या लोकांचं वर्ष बियांच्या वेळापत्रकावर चालतं. वैशाख-ज्येष्ठात पळसाच्या शेंगा, जूनमध्ये जांभूळ आणि निंबोळी, प्रत्येकाची वेळ ठरलेली. बी कुठल्या झाडाचं, कुठल्या गावातून, कधी आणलं हे एका जाड वहीत लिहिलेलं असतं, मी मागितली तर लगेच दाखवली. माझ्या खैराचं बी पूर्वेकडच्या कोरड्या टेकडीवरचं होतं, ते मुद्दाम तसं दिलं. त्यांचं म्हणणं, कोरड्या भागात वाढलेल्या आईबापाचं पोर कोरड्या भागात जास्त तग धरतं. हे मला फार पटलं, आणि आजवर दुसऱ्या कुठल्या नर्सरीत बी कुठनं आणलं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आता पिशवी. हा मुद्दा नीट लिहिते कारण इथं लोक हमखास फसतात आणि थोडी तक्रारही इथंच आहे. आपल्याला वाटतं मोठी पिशवी, उंच रोप, म्हणजे दोन वर्षं वाचली. पळस, अंजन, मोह अशी झाडं आधी खाली जातात आणि मग वर येतात. बी रुजलं की सोटमूळ सरळ खाली धावतं, आणि लहान पिशवीत जास्त दिवस ठेवलं की तळाला टेकून गोल फिरायला लागतं, मग तुम्ही ते जमिनीत लावलं तरी ते गोलच राहतं. नर्सरीत त्यासाठी पिशव्या अधूनमधून जागेवरून हलवतात म्हणजे मुळं खालच्या जमिनीत घुसत नाहीत, आणि एका पावसाळ्याच्या वर रोप पिशवीत ठेवत नाहीत, असं दादा सांगतात. बहुतेक रोपांच्या बाबतीत ते पाळलेलंही होतं. मी घेतलेली ८ बाय १० इंचांची रोपं गुडघ्याएवढीच होती, तेव्हा ६० रुपयांना एक, लावताना एकाची पिशवी फाडून बघितली तर मूळ सरळ आणि पांढरं.

पण कडुनिंबाची दोन मी हट्टानं मोठ्या पिशवीतली घेतली, डोक्याएवढी उंच, ४५० रुपयांना एक. दादा तेव्हा शेडमध्ये नव्हते, कामावरच्या मुलानं दिली. दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही वाऱ्यानं आडवी झाली. उपटून बघितलं तर मुळांची अक्षरशः चुंबळ झालेली, डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी गोल, आणि खाली एकही मूळ गेलेलं नाही. शेजारीच लावलेली ६० रुपयांची दोन कडुनिंबं आज त्यांच्या तेव्हाच्या उंचीच्याही वर गेलीत. मी फोटो पाठवले तेव्हा दादांनी चूक मान्य केली, पैसे परत द्यायला तयार होते, मी त्याऐवजी रोपं घेतली. पण तो मोठ्या पिशव्यांचा कोपरा अजून तिथं आहे, आणि लोक उंची बघूनच घेतात. तो त्यांनी काढून टाकावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी तक्रार नावांची. पाट्या आहेत, पत्र्यावर रंगानं लिहिलेल्या, पण फक्त मराठी नावं, आणि आपल्याकडं एका नावाची दोन झाडं असतात. अंजन म्हणजे खानदेश-विदर्भातला तो कोरड्या रानातला उंच अंजन, हार्डविकिया बायनाटा, जोडपानांचा, ज्याची मुळं खडकातही खोल शिरतात, मला तो हवा होता आणि दादांनी तोच सांगितला होता. पण महाबळेश्वरकडं निळ्या फुलांचं जे सदाहरित झाड आहे, मेमेसायलॉन, त्यालाही लोक अंजन किंवा अंजनीच म्हणतात. टेम्पोत भरणाऱ्या मुलानं ती तीन भरली. मीही बघितलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिन्ही गेली, आणि गेली म्हणजे जाणारच होती, धुक्यातलं झाड मुरमावर किती दिवस काढणार. पाटीवर शास्त्रीय नाव देवनागरीत लिहायला काहीच खर्च नाही. शेमट, मोई, नांद्रुक असल्या नावांचा गावोगाव किती गोंधळ आहे हे दादा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, तर कृपा करून हे करा.

सल्ल्याला मात्र पैकीच्या पैकी. रोपं देताना एक छापील कागद देतात आणि तो वाचून दाखवतात. खड्डे मे महिन्यातच काढा, दोन फुटांचे, उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या, भरताना वरची माती खाली, त्यात शेणखत एक घमेलं आणि निंबोळी पेंड मूठभर, नुसत्या खतानं खड्डा भरायचा नाही. लावायचं मृगाच्या पहिल्या सरीला नाही, आर्द्रात, जमीन खोलवर भिजली की. उतारावर आळं गोल न करता खालच्या बाजूनं अर्धचंद्रासारखं बांधायचं म्हणजे वरून येणारं पाणी तिथं अडतं. बांबूला सुतळी घट्ट बांधायची नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल, खोड वाऱ्यानं थोडं हललं तरच जाड होतं. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला पण खोडापासून हातभर लांब. हा शेवटचा मुद्दा मी एका बहाव्याच्या बाबतीत पाळला नाही आणि त्याला वाळवीनं खाल्लं. चंदनाबद्दल सांगितलं होतं की ते एकटं नीट वाढत नाही, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यांच्यातून ओढून घेतात, म्हणून पहिल्या वर्षी बाजूला तूर पेरा आणि पुढं जवळ कडुनिंब किंवा करंज असू द्या. एका चंदनाशेजारी तूर उगवली, दुसऱ्याशेजारी ससे खाऊन गेले. तूर होती तेच चंदन आज आहे.

पाण्याचं त्यांचं गणित मी जसंच्या तसं पाळलं. पहिल्या वर्षी फेब्रुवारीपासून सहा दिवसांनी १० लिटर, दुसऱ्या वर्षी बारा दिवसांनी १५ लिटर, तिसऱ्या वर्षी अख्ख्या उन्हाळ्यात चार वेळा. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात आणि मग एक आठवडा पाणी चुकलं की झाड मरतं, क्वचित पण भरपूर घातलं की पाण्याच्या मागं मूळ खाली जातं. टँकरच्या पाण्यावर हे परवडलंही.

आणि व्हॉट्सॲप. रोप विकल्यावर संबंध संपला असं इथं नाही, तीन वर्षांत मी किती वेळा त्रास दिला असेल. पहिल्या उन्हाळ्यात पळस सगळेच्या सगळे वाळले, नुसत्या काड्या, अण्णा उपटायला निघाले होते. मी मेसेज केला तर उत्तर आलं, "बुडाशी नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर हात लावू नका." हिरवं होतं. पळसाचं लहानपण असंच असतं म्हणे, वरचं वाळतं, खालचं मूळ जाड होत राहतं, पावसाळ्यात परत फुटतं, दोन-तीन वर्षं असं चालतं आणि मग एकदा उठला की त्याला कुणी अडवत नाही. सहापैकी पाच पळस आज आहेत, मांडीएवढे, उंचीला सगळ्यात मागं, पण यंदा पहिल्यांदाच वरून वाळले नाहीत. तिन्ही पानं तळहातापेक्षा मोठी झालीत आणि जाड, खरखरीत.

दुसऱ्या पावसाळ्यात बहाव्यावर हिरव्या अळ्या पडल्या, चार दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या. औषध मारू का विचारलं, तर म्हणाले मारू नका, ही पिवळट पांढऱ्या फुलपाखरांची पोरं आहेत, बहावा परत पालवेल. पालवला. आणि ऑगस्टमध्ये माळावर ती फुलपाखरं इतकी होती की अण्णा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. करंजाच्या पानांवर पुटकुळ्या येतात त्याचंही उत्तर तेच, राहू द्या. पाचही करंज दाट झालेत, चैत्रात त्यांची ती पोपटी पालवी उन्हात चमकते तेव्हा ओढ्याची ती एक कड सोडून नजर कुठं जातच नाही.

मी तिथं असताना एक गिऱ्हाईक आलं होतं, फार्महाऊसच्या कंपाउंडला दोनशे कोनोकार्पस हवे होते, लवकर वाढणारं, कायम हिरवं परदेशी झाड. दादांनी नाही म्हणून सांगितलं, आमच्याकडं नाही आणि मागवूनही देणार नाही, गुजरातनं तर २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली (हे माझ्या दुसऱ्या खेपेचं सांगतेय). गुलमोहर, जॅकरंडा, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया यातलं काहीच इथं मिळत नाही. त्या माणसाला कुंपणासाठी सागरगोटा आणि करवंद सुचवलं, दोन्ही काटेरी, पाणी कमी, करवंद खायलाही मिळतात. तो तसाच निघून गेला. मी मात्र घेतलं ते, आणि माझ्या कुंपणाच्या त्या बाजूनं आता शेरडू आत येत नाही.

गैरसोयी लिहून टाकते. शेवटचा दीड-दोन किलोमीटर रस्ता कच्चा आहे, पावसाळ्यात छोटा हत्ती टेम्पो आत जात नाही, त्यामुळं जुलैच्या आधी उचला. वाहतूक ते करून देत नाहीत. उघड्या टेम्पोतून आणणार असाल तर वरून ओलं गोणपाट किंवा शेडनेट बांधाच, वाऱ्यानं पानं तासाभरात सुकतात. जूनमध्ये फोन उचलत नाहीत, मेसेज करा, रात्री उत्तर येतं. आणि आधी ठरवलेली झाडं मिळतीलच असं नाही, धावडा तीन वर्षं मागतेय, बी नीट रुजलं नाही म्हणून दिलेला नाही.

पाचपैकी चार. एक स्टार अंजनाचा आणि त्या मोठ्या पिशव्यांचा कापला.

मागच्या आठवड्यात परत गेले होते, या वेळी आईच्या माहेरसाठी, कोकणात संगमेश्वरजवळच्या गावात घरामागं जागा आहे, तिथं किंजळ, सुरंगी, सीता अशोक लावायचा विचार आहे. सगळी रोपं समोर होती, सीता अशोकाला तर सुंदर तांबूस पालवी आलेली. दादांनी विचारलं कुठं लावणार, सांगितलं तर म्हणाले, मग इथनं नेऊ नका, तिकडच्याच बियांची रोपं तिकडच्याच रोपवाटिकेतून घ्या, नाही मिळाली तर पुढच्या वर्षी या. रिकाम्या हातानं आले.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोचा, सोमवारी बंद असतं. आणि आपल्या जमिनीतली मूठभर माती, फूटभर खालची, पिशवीत घालून न्या. ते मागतात.